बकुळ कुठाय?

हेलिओस ४४-२ हातात घेतली की आधी तिचं वजन जाणवतं. सगळं धातू आणि काच. ऑटोफोकस नाही. ५८ मिमी, एफ/२. सोव्हिएत काळात झेनिट कॅमेऱ्यांसोबत या लेन्स प्रचंड संख्येने बनल्या. मूळ रचना मात्र झाइसच्या बायोटार या युद्धपूर्व जर्मन लेन्सची. झेनिटमध्ये लेन्स आणि फिल्मच्या मधे आरशाला जागा लागायची. मिररलेस कॅमेऱ्यात आरसा नसतो, म्हणून तेवढ्या लांबीची एक पोकळ नळी, म्हणजे अडॅप्टर, मधे बसवला की ही लेन्स आजही चालते.

पण वजनासाठी ती कुणी घेत नाही. मीही घेतली ती मागे गरगर फिरणाऱ्या धूसरतेसाठी. कारण साधं आहे. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं असताना कडेकडून येणारा प्रकाश लेन्सच्या नळीने थोडा कापला जातो. मधे गोल दिसणारे प्रकाशाचे ठिपके कडांना लिंबाच्या फोडीसारखे होतात आणि मध्याभोवती वळतात. लेन्स घडवणारे ज्याला उणीव म्हणत, त्याला आपण ‘कॅरेक्टर’ म्हणतो आणि त्याचे पैसे मोजतो.

साताऱ्याला मावशीच्या अंगणात मी तिचा फोटो काढला. मागे तिने लावलेली बकुळ. फोनवर फोटो पाहून ती म्हणाली, ‘‘मी बरी दिसतेय रे, पण बकुळ कुठाय?’’ मी हसलो. ‘‘मावशी, तोच तर इफेक्ट आहे.’’ पुढच्या वर्षी रस्ता रुंद झाला आणि बकुळ गेली. माझ्याकडे तिचा तो एकच फोटो आहे. त्यात हिरव्या चकत्या आहेत, झाड नाही.

तेव्हापासून इन्स्टावरचे हेलिओसचे फोटो मला वेगळे दिसायला लागलेत. मधोमध चेहरा, मागे पानं, पानांचा भोवरा. गाव कोणतं, ऋतू कोणता, काही कळत नाही. दहा जणांचे फोटो एकाने काढल्यासारखे. आपण फोनच्या पोर्ट्रेट मोडला कृत्रिम म्हणून नाकं मुरडतो आणि तेच काम काचेकडून करून घेतो. २०२२ च्या ‘द बॅटमॅन’मध्येही ग्रेग फ्रेझरने हेलिओस वापरली. तिथे ती पटते, कारण ते शहरच अंधारातून, अर्धवट पाहायचं आहे. मावशीचं अंगण तसं नव्हतं. तिथे मागचं सगळं तिचंच होतं.

म्हणून लेन्स विकावी का? नाही. तिची रिंग एफ/५.६ वर आणा. भोवरा थांबतो, कडा सावरतात, आणि लेन्स स्वच्छ, शांत चित्र देते. बनवणाऱ्यांना बहुधा हेच हवं होतं. फोकस हाताने करावा लागतो, म्हणून समोरच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं जातं. या जुन्या काचेची खरी कमाई मला ती वाटते. भोवरा हवा तेव्हा आहेच. फक्त उघडण्याआधी स्वतःला विचारावं, मागे काय आहे आणि ते पुसायचा हक्क मला आहे का.

गेल्या दिवाळीत मावशी पुन्हा त्याच जागी उभी राहिली. मी एफ/८ वर फोटो काढला. मागे नवा डांबरी रस्ता अगदी स्पष्ट आला आहे.