‘मोदक’ अक्षरवळण आणि ‘रनाळे’ हा शब्द

देवनागरीच्या ठळक, वाटोळ्या शीर्षकाक्षरांत ‘मोदक’ हे वळण विशेष लक्ष वेधून घेते. मुंबईच्या ‘एक टाइप’ या अक्षररचनाकारांच्या संस्थेने ते घडविले असून मुक्त परवान्यामुळे ते कोणासही विनामूल्य वापरता येते. त्याचे कौतुक बहुधा त्याच्या लठ्ठपणासाठी होते. प्रस्तुत लेखकाच्या मते मात्र त्याचे खरे वैशिष्ट्य काळ्या भागात नसून पांढऱ्या भागात आहे.

बोरूच्या तिरक्या छाटणीतून देवनागरीस जाड-बारीक रेषांचा क्रम लाभला. जावजी दादाजींच्या निर्णयसागराच्या खिळ्यांनी तोच धातूत उतरविला. ‘मोदका’त तो क्रम उरत नाही. रेषेची टोके गोल होतात, अंग फुगत जाते आणि अक्षराच्या पोटातील मोकळी जागा आक्रसून तिची केसासारखी चीर होते. डोळा अक्षर ओळखतो तो या चिरेवरून. लेखणीचे काम येथे शाई करीत नाही, कोरा कागद करतो. ही कल्पकता मोठीच होय. परंतु ‘मोदक’ हा शब्द तिच्या परीक्षेस फारच सोयीचा आहे. त्यातील तिन्ही अक्षरे परस्परांहून अगदी भिन्न आहेत.

त्याऐवजी नंदुरबार तालुक्यातील ‘रनाळे’ हे ग्रामनाम घ्यावे. ‘र’ आणि ‘न’ यांना फारसे पोट नाही. ते कितीही फुगविले तरी ओळखू येतात. खरा प्रश्न ‘ळे’चा. मराठी वळणाचा, म्हणजे शासनाने २००९ साली प्रमाण मानलेला पाकळीचा ‘ल’ आणि ‘ळ’, हे दोघेही शिरोरेषेखाली डावी-उजवी अशी दोन वाटोळी वळणे धरतात. ‘ल’ची मोकळी सुटतात, ‘ळ’ची मिटतात. म्हणजे भेद सर्वस्वी पोकळीचा आहे. अक्षर मोठे असेल तोवर बारीक चीर तो राखते. पाटी लहान झाली, रंग पसरला, की चीर बुजते आणि ‘रनाळे’चे ‘रनाले’ व्हायला वेळ लागत नाही. हिंदी लेखनात मराठी ग्रामनामांतील ‘ळ’चा ‘ल’ पुष्कळदा होतोच. त्यास अक्षरवळणानेही हातभार लावावा, हे बरे नव्हे. ‘नंदुरबार’ या नावातील अनुस्वारही असाच फुगून शिरोरेषेस टेकण्याचा धोका असतो.

मिठाईच्या दुकानाची पाटी, बालपुस्तकाचे वेष्टन, गणेशोत्सवाचा फलक येथे ‘मोदक’ शोभून दिसते, कारण तेथील शब्द वाचकास आधीच ठाऊक असतो. गावाच्या नावाचा फलक परक्यासाठी असतो.

याच संस्थेचे ‘बालू’ हे वळणही जाड व गोलसर आहे, पण ते पोटात जागा राखते. ‘बालू २’मध्ये तर पाच जाड्या उपलब्ध आहेत. त्याला गुजराती जोडीदारही आहे, आणि गुजरातच्या सीमेवरील या जिल्ह्यात ती सोय क्षुल्लक नव्हे. गुजरातीस शिरोरेषा नसल्यामुळे एकाच फलकावर दोन्ही लिपींचा भार सारखा भासविणे कठीण. ‘बालू’स ते पुष्कळ अंशी साधले आहे. ‘मोदका’तला खट्याळपणा मात्र त्यात नाही.