झांशीचे दुर्लक्षित अर्धशतक (१८०४–१८५३) : दोन मराठी ग्रंथांच्या आधारे एक पुनर्वाचन

प्रास्ताविक

झांशी शहराचा आजचा नकाशा आणि झांशीविषयीचे मराठी वाङ्मय यांत एक लक्षणीय साम्य आढळते. तटाबाहेर, रेल्वेमार्गाच्या पलीकडे असलेल्या नगरा, प्रेमनगर या वस्त्यांकडून जुन्या शहराकडे येणाऱ्यास प्रथम रेल्वेस्थानक लागते. २०२१ च्या अखेरीस त्याला वीरांगना लक्ष्मीबाईंचे नाव देण्यात आले. पुढे किल्ला, राणीमहाल आणि राणीचे पुतळे येतात. लक्ष्मी तलावाच्या काठी गंगाधररावांची छत्री आहे; परंतु तिच्याकडे पाहणाराही बहुधा ‘राणीच्या पतीची समाधी’ म्हणूनच पाहतो. शिवरावभाऊ, रामचंद्रराव, सखूबाई, तिसरे रघुनाथराव ही नावे शहराच्या स्मृतीत जवळजवळ उरलेली नाहीत. मराठी लेखनातही एकोणिसाव्या शतकाचा पूर्वार्ध सत्तावन्नच्या कथेची प्रस्तावना म्हणूनच येतो. काही पृष्ठांत तो आटोपला जातो आणि लेखक राणीच्या विवाहाकडे वळतो.

प्रस्तुत निबंधात या अर्धशतकाचा विचार दोन मराठी ग्रंथांच्या आधारे केला आहे. दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी १८९४ मध्ये प्रसिद्ध केलेले महाराणी लक्ष्मीबाईसाहेबांचे चरित्र हा पहिला ग्रंथ होय. दुसरा विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ असून तो सुमारे १८८४ मध्ये लिहिला गेला आणि १९०७ मध्ये प्रकाशित झाला. झांशीचे भवितव्य १८५८ च्या रणांगणावर ठरले, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात ते त्यापूर्वीच्या पन्नास वर्षांत, करारांतील काही शब्दांच्या अर्थावर बव्हंशी ठरत आले होते. ही गोष्ट लक्षात घेतली, तर दोन्ही ग्रंथांचे मूल्यमापन काहीसे बदलावे लागते.

तीन पदे, तीन तारखा

झांशी हे मुळात पेशव्यांच्या सुभेदाराचे ठाणे होते. नारोशंकरांनी किल्ल्याचा विस्तार केला आणि शहर वसविले. पुढे रत्नागिरीकडील नेवाळकर घराण्याकडे सुभेदारी आली. रघुनाथराव हरी यांच्यानंतर त्यांचे बंधू शिवरावभाऊ कारभार पाहू लागले. वसईच्या तहानंतर बुंदेलखंडात इंग्रजी फौजा उतरल्या, तेव्हा १८०४ मध्ये शिवरावभाऊंनी कंपनीशी करार केला. या करारातील शिवरावभाऊ पेशव्यांचे चाकर आहेत आणि कंपनीचे मित्रही आहेत. दोन धन्यांमधील ही जागा पुढे पन्नास वर्षे झांशीला सोडता आली नाही.

१८१७ च्या जून महिन्यात पेशव्यांनी बुंदेलखंडातील आपले हक्क कंपनीकडे सोडले. त्याच वर्षी नोव्हेंबरात कंपनीने शिवरावभाऊंचे अल्पवयीन नातू रामचंद्रराव यांच्याशी नवा करार केला. त्यान्वये झांशीचा मुलूख रामचंद्रराव, त्यांचे वारस आणि उत्तराधिकारी यांच्याकडे वंशपरंपरेने राहील, असे मान्य झाले. सुभेदारीचे रूपांतर राज्यात झाले ते येथे. १८३२ मध्ये लॉर्ड बेंटिंक यांनी रामचंद्ररावांना ‘महाराजाधिराज फिदवी बादशाह जमजाह इंग्लिस्तान’ हा किताब दिला आणि किल्ल्यावर इंग्रजी निशाण लावण्याची परवानगीही दिली. या किताबाची रचना बारकाईने पाहण्यासारखी आहे. आरंभीचे ‘महाराजाधिराज’ हे पद मस्तक उंचावते, तर लगेच येणारे ‘फिदवी’ म्हणजे एकनिष्ठ सेवक हे पद ते पुन्हा लववते. मान आणि मांडलिकत्व एकाच ओळीत बसविणारी ही भाषा त्या काळाच्या राजकारणाचा सारांश आहे.

१८३५ : निर्णायक वर्ष

२० ऑगस्ट १८३५ रोजी रामचंद्रराव निपुत्रिक वारले. मृत्यूपूर्वी त्यांनी आपल्या बहिणीचा मुलगा कृष्णराव याला दत्तक घेतल्याचा दावा पुढे आला. कंपनीने तो मानला नाही आणि शिवरावभाऊंचे पुत्र रघुनाथराव यांना गादीवर बसविले. १८३८ मध्ये तेही वारले. तेव्हा रघुनाथरावांची विधवा, त्यांचा अनौरस पुत्र अली बहादूर, कृष्णराव आणि गंगाधरराव असे अनेक हक्कदार उभे राहिले. रामचंद्ररावांच्या मातोश्री सखूबाई यांनी कृष्णरावाच्या बाजूने किल्ला ताब्यात घेतला; कंपनीचे सैन्य आल्यावर तो त्यांना सोडावा लागला. गादी गंगाधररावांकडे गेली. मात्र राज्याची विस्कटलेली घडी बसवायची म्हणून काही वर्षे कारभार इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाती राहिला. गंगाधररावांना पूर्ण अधिकार मिळाले ते १८४२ मध्ये मणिकर्णिकेशी झालेल्या त्यांच्या विवाहानंतर.

या घटनाक्रमाकडे वाङ्मयाने प्रायः घरातील भाऊबंदकी म्हणून पाहिले. वस्तुतः १८५४ मध्ये लॉर्ड डलहौसी यांनी झांशी खालसा करताना १८३५ चाच दाखला पुढे केला. त्या वेळी दत्तक मानला गेला नव्हता, म्हणून आताही मानण्याचे कारण नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. झांशीचे राजे मूळचे पेशव्यांचे सुभेदार, म्हणजे स्वतंत्र संस्थानिक नव्हेत, हा दुसरा मुद्दा १८०४ च्या कराराकडे बोट दाखवीत होता. कृष्णरावाचा डावलला गेलेला हक्क ही दामोदररावाच्या डावलल्या गेलेल्या हक्काची पूर्वतयारी ठरली.

या पार्श्वभूमीवर सखूबाईंच्या चित्रणाचा प्रश्न उपस्थित होतो. सत्तेच्या लोभाने पुत्राच्या पोहण्याच्या हौदात भाले रोवून ठेवणारी माता, अशी त्यांची ओळख रूढ आहे. ही कथा स्लीमन यांच्या १८४४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रवासग्रंथात येते आणि पुढे कादंबरीवाङ्मयातही तिचा वापर झाला आहे. स्लीमन झांशीस आले ते १८३५ च्या डिसेंबरात, म्हणजे रामचंद्रराव वारल्यानंतर चार महिन्यांनी. त्यांचे स्वागत झाले ते रघुनाथरावांच्या दरबारात. सखूबाई ज्याच्या हक्कासाठी झटत होत्या, त्याच्या प्रतिस्पर्ध्याच्या घरी ऐकलेली ही वार्ता आहे. ती खोटीच आहे असे म्हणण्याचे कारण नाही. पण ती कोणाच्या तोंडची आहे, हे नोंदविल्याशिवाय तिचा स्वीकार करणे टीकाशास्त्राला धरून होणार नाही.

येथे एक तुलना अपरिहार्य होते. दत्तकाच्या हक्कासाठी सखूबाईंनी १८३८ मध्ये किल्ला धरला. त्याच हक्कासाठी लक्ष्मीबाईंनी १८५३–५४ मध्ये खलिते धाडले आणि १८५८ मध्ये तोच किल्ला लढविला. एकाच घराण्यातील दोन विधवा कंपनीच्या एकाच धोरणाविरुद्ध उभ्या होत्या. वाङ्मयाने एकीला खलनायिका व दुसरीला वीरनायिका केले. दोघींच्या चारित्र्याची तुलना येथे अभिप्रेत नाही. दोघींसमोरचा प्रश्न एकच होता, एवढेच दाखवायचे आहे. सखूबाईंच्या बाबतीत तो प्रश्न चरित्राच्या गदारोळात बुडून गेला.

पारसनीसांची बाजू

पारसनीसांचे चरित्र ज्या काळात लिहिले गेले तो काळ ध्यानात घेतला पाहिजे. १८५७ ला तेव्हा चाळीस वर्षेही झाली नव्हती. इंग्रजी ग्रंथांत राणीवर जून १८५७ च्या कत्तलीचा आरोप केला जात होता. त्या आरोपाचे खंडन हा या ग्रंथाचा प्रधान हेतू आहे. त्यासाठी त्यांनी कागद गोळा केले आणि राणीचे दत्तकपुत्र दामोदरराव यांना १८८९ मध्ये मार्टिन नामक इंग्रज गृहस्थाने लिहिलेले, राणीला निर्दोष ठरविणारे पत्रही पुढे आणले. मराठी चरित्रलेखनात साधनांविषयीची ही जागरूकता त्या वेळी दुर्मीळ होती.

मात्र हेतूबरोबर एक मर्यादाही आली. राणी निर्दोष ठरवायची तर तिचे घराणे कंपनीशी एकनिष्ठ होते हे दाखविणे सोयीचे होते. त्यामुळे करारांचा इतिहास हा निष्ठेच्या पुराव्यांचा इतिहास होतो. हा युक्तिवाद राणीच्या खलित्यांतही आहे. बर्मा युद्धाच्या वेळी केलेले साह्य आणि १८२५ मध्ये नाना पंडिताच्या बंडात काल्पीच्या रक्षणासाठी पाठविलेले चारशे स्वार, एक हजार पायदळ व दोन तोफा यांचे स्मरण तेथे सरकारला करून दिले आहे. राणीच्या लेखणीत हा युक्तिवाद डावपेच होता. चाळीस वर्षांनंतरच्या चरित्रकाराकडे तो ऐतिहासिक दृष्टी बनून येतो आणि ‘फिदवी’ या शब्दातील बोच निघून जाते.

याच खलित्यांतील दुसरा धागा अधिक मोलाचा आहे. फेब्रुवारी १८५४ च्या खलित्यात राणीने १८१७ च्या फारसी करारातील ‘वारिसान’ आणि ‘जानिशीनान’ या दोन शब्दांमधील भेद मांडला. पहिला शब्द औरस वारसांसाठी आहे. औरस नसल्यास गादीवर येणाऱ्या दत्तकासाठी दुसरा योजला आहे. दोन्ही शब्द करारात आहेत, ते निरर्थक नाहीत, असे तिचे म्हणणे. शास्त्रार्थाच्या रीतीने शब्दाला शब्द लावून केलेला हा प्रतिवाद आहे. राणीचा पहिला संग्राम हा अर्थनिर्णयाचा होता. घोड्यावरील राणीचे चित्र मराठी मनात इतके ठसले की करारावर बोट ठेवून अर्थ विचारणारी राणी आपल्या कवितेत आणि नाटकात क्वचितच दिसते.

गोडसे यांचे कथन

विष्णुभट गोडसे हे कुलाब्यातील वरसईचे भिक्षुक. बायजाबाई शिंदे यांच्या यज्ञाची वार्ता ऐकून ते १८५७ मध्ये उत्तरेस निघाले आणि वेढ्याच्या वेळी झांशीत सापडले. गंगाधरराव २१ नोव्हेंबर १८५३ रोजीच वारले होते. त्यामुळे त्यांच्याविषयी गोडसे जे लिहितात ते सारे ऐकीव आहे. या ऐकीव मजकुरात एक विलक्षण आख्यायिका येते. गंगाधरराव स्त्रीवेष करीत, हातांत बांगड्या भरीत. इंग्रज अधिकाऱ्याने कारण विचारले, तेव्हा त्यांनी उत्तर दिले की सातासमुद्रापलीकडून आलेल्यांनी सर्व राजांना दुबळे करून टाकले असता बांगड्या न भरून काय करावे.

या आख्यायिकेवरून गंगाधररावांच्या वर्तनाचा निर्णय करणे धाडसाचे होईल. त्यांना नाटकाची आवड होती, ही गोष्ट अशा कथेचे मूळ असू शकेल. परंतु १८५७–५८ मध्ये झांशीतील मराठी मंडळी आपल्या दिवंगत राजाविषयी काय बोलत होती, याचा पुरावा म्हणून ती अमोल आहे. ‘बांगड्या भरणे’ हा मराठीतील पुरुषाला हिणवणारा वाक्प्रचार. येथे ज्याला हिणवायचे तोच तो आधी स्वतःच्या हातांवर चढवितो आणि मग प्रश्न विचारणाऱ्यावर उलटवितो. बेंटिंक यांच्या किताबाने जे अलंकारिक भाषेत झाकले होते, ते लोककथनाने एका कृतीत उघडे केले. १८०४ पासूनच्या करारांवरील हे सामान्यांचे भाष्य आहे.

राजाच्या बायकीपणाची गमतीदार गोष्ट म्हणून या प्रसंगाकडे पाहण्याची सवय टीकेला लागली आहे. ‘माझा प्रवास’च्या संहितेचा इतिहासही त्यास काही अंशी कारण आहे. चिंतामण विनायक वैद्य यांनी १९०७ च्या आवृत्तीत मूळ मजकुरावर संपादकीय संस्कार केले. हस्तलिखितानुसारी पाठ दत्तो वामन पोतदार यांच्या १९६६ च्या आवृत्तीमुळे वाचकांपुढे आला. दरम्यानच्या सहा दशकांत या ग्रंथाविषयीची मते बनून गेली होती आणि ती मुख्यतः वेढ्याच्या व लुटीच्या वर्णनांवर बेतलेली होती. त्या वर्णनांतही झांशीच्या समृद्ध ग्रंथसंग्रहाच्या नाशाची हळहळ आहे. पिढ्यान्‌पिढ्या जमलेला तो संग्रह ज्या काळाची साक्ष देतो, तो काळ हाच. केवळ भाऊबंदकी आणि अवनती या दोन शब्दांत त्याची वासलात लावता येत नाही, हे गोडसे यांच्या हळहळीतून कळते.

समारोप

पारसनीस आणि गोडसे यांच्यात एक इतिहासकार व एक कथेकरी, म्हणून एक विश्वसनीय व दुसरा रंजक, अशी विभागणी केली जाते. ती पुरेशी नाही. पारसनीसांनी कागद जपले, पण निष्ठेच्या युक्तिवादापायी कागदांतील अवमान त्यांना ठळकपणे मांडता आला नाही. गोडसे यांच्याजवळ कागद नव्हते, पण अवमानाची जाण लोकांच्या तोंडून त्यांच्यापर्यंत पोहोचली आणि त्यांनी ती संकोच न करता नोंदविली. ‘जानिशीनान’चा अर्थ आणि बांगड्यांचा अर्थ हे एकाच प्रश्नाचे दोन पाठ आहेत. एक दरबाराच्या फारसीत आहे, दुसरा घरच्या मराठीत.

हे दोन पाठ शेजारी ठेवले की १८०४ ते १८५३ हा काळ प्रस्तावना राहत नाही. शिवरावभाऊंची दुहेरी चाकरी, रामचंद्ररावांचा दुधारी किताब, सखूबाईंनी धरलेला किल्ला आणि गंगाधररावांचे उपरोधिक उत्तर यांतून एक स्वतंत्र कथा उभी राहते. कंपनीच्या मर्जीने राज्य करणे म्हणजे काय, याचा अनुभव झांशीने सत्तावन्नपूर्वी पन्नास वर्षे घेतला होता. राणीच्या निर्धाराचे मूळ त्या अनुभवात शोधले, तर तिचे थोरपण उणावत नाही. ती एकाएकी चमकून गेलेली वीज न राहता एका दीर्घ वादाची, सर्वांत समर्थ वादी ठरते. झांशीविषयीच्या मराठी समीक्षेने यापुढे या वादाची कागदपत्रे आणि कहाण्या एकत्र वाचावयास हव्यात, आणि त्या वाचनाचा आरंभ सखूबाईंपासून करणे उचित होईल.