बशीतली गुठळी आणि छातीतली गुठळी

औषधांच्या दुकानांत आणि घरपोच माल पाठवणाऱ्या कंपन्यांच्या याद्यांत अलीकडे एक प्रकार ठळकपणे दिसू लागला आहे. 'रक्ताभिसरण सुधारणाऱ्या', 'रोहिण्यांतले किटण साफ करणाऱ्या' आणि 'हृदयाची काळजी घेणाऱ्या' विकरांच्या, म्हणजेच एन्झाइमांच्या, या कॅप्सूल आहेत. त्यांत सर्वांत गाजलेले नाव नॅटोकायनेजचे. त्याच्या जोडीला सेराशिओपेप्टिडेज आणि गांडुळापासून मिळणारे लुम्ब्रोकायनेज ही नावेही असतात. या कॅप्सूल घेणारे बहुतेक जण पन्नाशी-साठीचे असतात. म्हणजे आपल्या विद्यार्थ्यांचे आजी-आजोबा, आणि आपल्यापैकीही काही जण.

ताईत किंवा गंडेदोरे विकणाऱ्याची भाषा आणि या जाहिरातींची भाषा यांत मोठा फरक आहे. येथे प्रयोगशाळा आहे, शास्त्रज्ञाचे नाव आहे, नियतकालिकातला निबंध आहे. वाक्ये एकेक करून तपासली तर त्यांतली पुष्कळशी खरीही निघतात. चूक असते ती एका वाक्यावरून दुसऱ्या वाक्यावर मारलेल्या उडीत. म्हणून विज्ञान शिकवणाऱ्याने हा युक्तिवाद हसून सोडून देऊ नये, तो पायरीपायरीने तपासावा, असे आम्हाला वाटते.

दाव्याचा उगम

नाट्टो हा जपानमधला जुना खाद्यपदार्थ. उकडलेल्या सोयाबीनवर बॅसिलस सबटिलिस या जिवाणूची एक जात वाढवून तो आंबवतात. तो चिकट होतो, त्याला तार सुटते आणि उग्र वासही येतो. हिरोयुकी सुमी हे जपानी संशोधक १९८० मध्ये शिकागो येथे काम करत असताना त्यांनी काचेच्या बशीतल्या फायब्रिनवर नाट्टो ठेवून पाहिला. फायब्रिन म्हणजे रक्ताच्या गुठळीला धरून ठेवणारे प्रथिनाचे तंतू. ते तंतू विरघळले. नाट्टोमधल्या ज्या विकरामुळे हे घडले त्याला सुमी यांनी नॅटोकायनेज हे नाव दिले आणि १९८७ मध्ये त्यावरचा निबंध प्रसिद्ध झाला.

हे निरीक्षण चांगले आहे आणि त्याविषयी वाद नाही. नॅटोकायनेज हे २७५ अमिनो आम्लांचे, प्रथिने तोडणारे विकर आहे. फायब्रिन हे प्रथिन आहे. तेव्हा पहिल्याने दुसऱ्याला तोडावे यात नवल नाही. कच्च्या पपईच्या चिकातले पपेन मांस मऊ करते तेही याच जातीचे काम. पण पपई खाल्ल्याने आपले स्नायू मऊ पडत नाहीत. असे का, हा प्रश्न विद्यार्थ्यांपुढे ठेवला की पुढचा सगळा विषय उलगडू लागतो.

बशीपासून रोहिणीपर्यंत

तोंडाने घेतलेल्या विकराला रोहिणीतल्या गुठळीपर्यंत पोहोचायचे तर बऱ्याच पायऱ्या ओलांडाव्या लागतात. पहिली पायरी जठराची. तेथे तीव्र आम्ल असते आणि प्रथिने तोडणारे पेप्सिन असते. विकर स्वतः प्रथिनच असल्यामुळे जठराच्या दृष्टीने ते आणि वाटीभर डाळ यांत फारसा फरक नाही. आम्लात न विरघळणारे वेष्टन कॅप्सूलवर दिले तर ही पायरी ओलांडता येते. मग लहान आतड्यात स्वादुपिंडातून येणारे ट्रिप्सिन वाट पाहत असते.

दुसरी पायरी शोषणाची. आतड्याचे अस्तर सुटी अमिनो आम्ले आणि दोन-तीन अमिनो आम्लांचे तुकडे सहज आत घेते. २७५ अमिनो आम्लांची अख्खी घडी आत जाणे ही अपवादाची गोष्ट. काही रेणू जातात असे मानायला जागा आहे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ११ निरोगी स्वयंसेवकांना एक कॅप्सूल देऊन त्यांच्या रक्तात नॅटोकायनेज आढळल्याचे नोंदवले आहे. पण हा शोध प्रतिपिंडांच्या साहाय्याने घेतला होता. प्रतिपिंड रेणूचा आकार ओळखते. तो रेणू अजून काम करतो की नाही, हे त्यावरून ठरत नाही.

तिसरी पायरी रक्ताची. प्रथिने तोडणारे विकर रक्तात मोकाट फिरणे शरीराला परवडणारे नाही, कारण रक्त स्वतःच प्रथिनांनी भरलेले असते. म्हणून रक्तात अशा विकरांना पकडणारी प्रथिने कायम हजर असतात. त्यांच्या तावडीतून सुटून, पुरेशा प्रमाणात, नेमक्या जागी पोहोचणे ही चौथी पायरी. आणि पोहोचल्यावर रुग्णाचे आयुष्य वाढणे किंवा झटका टळणे ही शेवटची.

जाहिरात पहिल्या निरीक्षणावरून थेट शेवटच्या पायरीवर उडी मारते. वेष्टनावरचा '२००० एफ. यू.' हा आकडाही पाहण्यासारखा आहे. एफ. यू. हे फायब्रिन तोडण्याच्या क्षमतेचे एकक. ते ठरते परीक्षानळीत, ठरावीक तापमानाला, ठरावीक वेळेत किती फायब्रिन तुटले यावरून. म्हणजे ग्राहकाला जी ताकद आपल्या रोहिणीत मिळेल असे वाटते, ती प्रत्यक्षात काचेच्या नळीत मोजलेली असते.

गुठळी वेगळी, किटण वेगळे

दुसरी गफलत शब्दांची आहे. 'रोहिण्यांतले किटण' म्हटले की सांडपाण्याच्या नळात साचलेला गाळ डोळ्यांपुढे येतो. आपल्या फळ्यावरच्या आकृत्याही कित्येकदा तशाच असतात. पण रोहिणीचा रोग नळीच्या पोकळीत सुरू होत नाही, तो तिच्या भिंतीत सुरू होतो. तेथे कोलेस्टेरॉल, ते गिळून फुगलेल्या पेशी, स्नायुपेशी, कोलॅजनचे तंतू, पुढे कॅल्शियम असा थर वर्षानुवर्षे तयार होतो आणि त्यावर रोहिणीचे आतले अस्तर असते. फायब्रिनची गुठळी बनते ती बहुधा हा थर फुटल्यावर, आणि तीही काही मिनिटांत. तीच हृदयविकाराच्या झटक्याचे तात्कालिक कारण ठरते.

तेव्हा फायब्रिन तोडणारे विकर क्षणभर रोहिणीत पोहोचले असे मानले, तरी भिंतीतला कोलेस्टेरॉलचा थर ते कसे काढणार? फायब्रिन तोडण्याच्या गुणावरून 'रोहिण्या साफ होतात' असा निष्कर्ष निघत नाही.

खऱ्या औषधाची वाट

सूक्ष्मजीवापासून मिळालेल्या प्रथिनाने गुठळी विरघळवता येते, या कल्पनेला आमचा विरोध नाही. ती कल्पना खरी ठरलेली आहे. विल्यम टिलेट यांनी १९३३ मध्ये स्ट्रेप्टोकॉकस जिवाणूंपासून मिळणाऱ्या अशा द्रव्याचे वर्णन केले. तेच पुढे स्ट्रेप्टोकायनेज म्हणून ओळखले गेले. ते स्वतः फायब्रिन तोडत नाही. रक्तातल्या प्लाझमिनोजेनला ते कामाला लावते आणि त्यातून तयार झालेले प्लाझमिन गुठळी तोडते. चंडीगढच्या 'इम्टेक' या राष्ट्रीय प्रयोगशाळेने त्याच्या उत्पादनाचे तंत्र देशातच विकसित केले.

पण ते रुग्णाला लाभते हे सिद्ध कसे झाले ते पाहावे. १९८६ मध्ये इटलीतल्या 'गिस्सी' चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. झटका आलेल्या सुमारे ११,८०० रुग्णांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत विभागणी केली होती. एका गटाला नेहमीच्या उपचारांबरोबर स्ट्रेप्टोकायनेज दिले, दुसऱ्याला दिले नाही. २१ दिवसांत न दिलेल्या गटातले शेकडा १३ रुग्ण दगावले, तर दिलेल्या गटातले शेकडा १०.७. फरक लहान दिसतो, पण लाखो रुग्णांचा विचार केला की तो फार मोठा होतो.

हे औषध शिरेतून द्यावे लागते, झटक्यानंतर काही तासांतच द्यावे लागते, आणि रुग्णालयातच द्यावे लागते. कारण गुठळी विरघळवणारे औषध रक्तस्रावही घडवू शकते. येथेच कॅप्सूलच्या जाहिरातीतला अंतर्विरोध उघडा पडतो. 'औषधासारखी परिणामकारक आणि अन्नासारखी निर्धोक' असे तिचे म्हणणे असते. ती खरोखर गुठळ्या विरघळवत असेल तर रक्तस्रावाचा धोका मान्य केला पाहिजे. धोका मुळीच नसेल तर परिणामाविषयी शंका घेतली पाहिजे.

माणसांवरचा पुरावा

नॅटोकायनेजच्या बाजूने जे आहे तेही सांगितले पाहिजे. कोरियात झालेल्या, २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ८६ जणांना आठ आठवडे कॅप्सूल किंवा तशीच दिसणारी औषधविरहित कॅप्सूल दिली. नॅटोकायनेज घेणाऱ्यांचा वरचा रक्तदाब तुलनेने सुमारे साडेपाच मिलिमीटरने अधिक उतरला. निष्कर्ष दखल घेण्याजोगा आहे. पण माणसे थोडी आणि काळ दोन महिन्यांचा.

यापेक्षा दीर्घ चाचणी अमेरिकेत झाली आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. हृदयविकार नसलेल्या २६५ जणांना सुमारे तीन वर्षे रोज २००० एफ. यू. नॅटोकायनेज किंवा औषधविरहित कॅप्सूल दिली. कोणाला काय मिळते हे त्यांना ठाऊक नव्हते. मानेतल्या रोहिणीच्या भिंतीची जाडी वाढण्याच्या वेगात दोन्ही गटांत फरक आढळला नाही. रोहिण्यांच्या ताठरपणात आढळला नाही, रक्तदाबातही नाही.

२०२२ मध्ये चीनमधून १,०६२ जणांचा अभ्यास आला. त्यात रोज १०,८०० एफ. यू. एवढ्या मोठ्या मात्रेने रोहिण्यांतले थर कमी झाल्याचे म्हटले आहे. जाहिराती हाच अभ्यास पुढे करतात. पण त्यात औषधविरहित कॅप्सूल घेणारा, यदृच्छेने निवडलेला तुलनेचा गट नव्हता. झटके किंवा मृत्यू कमी झाले का, हेही त्यात मोजलेले नाही. माणसांची संख्या मोठी असली म्हणून मांडणीतली उणीव भरून निघत नाही.

सेराशिओपेप्टिडेजची कथाही बोलकी आहे. रेशमाच्या किड्याच्या आतड्यातल्या जिवाणूपासून मिळवलेले हे विकर जपानमध्ये सूज उतरवण्यासाठी दशकानुदशके विकले जात होते. फेरतपासणीत औषधविरहित गोळीपेक्षा ते सरस ठरले नाही, तेव्हा ताकेदा कंपनीने २०११ मध्ये ते आपणहून बाजारातून काढून घेतले. आपल्याकडे मात्र वेदनाशामकांच्या जोडीने ते आजही दिले जाते.

धोका कोठे आहे

'फायदा नाही तर नाही, नुकसान तर नाही ना?' असे पुष्कळ जण विचारतात. पैसे जातात हे लहान नुकसान. मोठे नुकसान होते ते चालू औषध सोडल्याने. कृत्रिम झडप बसवलेल्या रुग्णाला गुठळी होऊ नये म्हणून वॉरफरिन घ्यावे लागते. अमेरिकेतल्या अशा एका रुग्णाने ते सोडून स्वतःच्या मनाने नॅटोकायनेज घेतले. झडपेवर गुठळी झाली आणि पुन्हा शस्त्रक्रिया करून झडप बदलावी लागली. ही नोंद २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. उलट बाजूने, ॲस्पिरिनच्या जोडीला नॅटोकायनेज घेणाऱ्या एका रुग्णाला मेंदूत रक्तस्राव झाल्याची नोंद २००८ ची आहे. एकेका रुग्णावरून कार्यकारण सिद्ध होत नाही. सावध राहायला मात्र एवढे पुरेसे आहे. गंमत अशी, की खुद्द नाट्टोमध्ये के जीवनसत्त्व भरपूर असते आणि ते वॉरफरिनच्या विरुद्ध काम करते. म्हणून जपानमध्ये वॉरफरिन घेणाऱ्यांना नाट्टो खाऊ नका असे सांगतात.

आपल्याकडे १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीच्या कायद्याच्या यादीत हृदयविकार आणि रक्तदाब हे दोन्ही आहेत. पूरक आहारावर 'औषधी वापरासाठी नाही' असे छापण्याचे बंधन २०१६ च्या नियमांनी घातले. म्हणूनच जाहिराती 'बरा करते' न म्हणता 'आधार देते' म्हणतात. असे सुटसुटीत क्रियापद दिसले की वाचकाने जरा थांबावे.

वर्गात काय करता येईल

तांदळाची पातळ, गार पेज तीन परीक्षानळ्यांत घ्यावी. पहिलीत थोडी लाळ घालावी. दुसरीत लाळेबरोबर भरपूर व्हिनेगर घालावे. तिसरीत उकळून गार केलेली लाळ घालावी. प्रत्येकाने स्वतःचीच लाळ वापरावी. अर्ध्या तासाने आयोडीनचा थेंब टाकावा. पहिलीत निळा रंग येत नाही किंवा फिका येतो, उरलेल्या दोन्हींत गडद येतो. व्हिनेगरऐवजी लिंबू वापरू नये, कारण त्यातले क जीवनसत्त्व आयोडीनचा रंगच घालवते आणि मुले चुकीचा निष्कर्ष काढतात.

एवढ्यावरून नॅटोकायनेज निरुपयोगी ठरत नाही, हेही मुलांना सांगावे. नाहीतर जाहिरातीने मारलेली उडी आपण उलट दिशेने मारू. विकराचे काम परिस्थितीवर अवलंबून असते, एवढेच या प्रयोगाने दिसते. त्यानंतर कॅप्सूलची एक जाहिरात फळ्यावर लिहावी आणि तीन प्रश्न विचारावेत. हे कोठे दिसले, बशीत की माणसात? तुलना कोणाशी केली? मोजले काय, रक्तातला आकडा की माणसाचे जगणे?

हेच तीन प्रश्न मुले घरी घेऊन गेली, आणि आजोबांनी रक्तदाबाची गोळी सोडण्याआधी एकदा डॉक्टरांना विचारले, तर तासाचे चीज झाले असे समजावे.