खाँसाहेब, मोबाईल आणि व्हॉल्व्हचा रेडिओ

कवठे महांकाळच्या आमच्या घरात व्हॉल्व्हचा एक जुना रेडिओ आहे. बटण फिरवलं की आधी डायल उजळते, मग बराच वेळ काहीच नाही. व्हॉल्व्ह तापले की आवाज येतो. मागे ग्रामोफोन जोडायची दोन भोकं आहेत. त्यांत मोबाईलची वायर घालून मी अब्दुल करीम खाँची झिंझोटीतली ठुमरी ऐकली. याच ठुमरीच्या तबकडीनं लहानग्या भीमसेन जोशींना गाणं शिकायला घराबाहेर काढलं. (तुम्ही हे करणार असाल तर रेडिओ एसी/डीसी जातीचा नाही ना, हे आधी मेकॅनिककडून तपासून घ्या. त्यात पत्र्याचा सांगाडा थेट मेन लाइनला जोडलेला असतो. जीवावर बेतेल.)

पहिल्यांदा ऐकताना मीही भारावलो. मोबाईलवर टोचणारी तबकडीची खरखर मागे सरली, आवाज गोल झाला. ‘व्हॉल्व्हची ऊब’ म्हणतात ती हीच. मग तीच ठुमरी हेडफोनवर ऐकली आणि शंका आली. खाँसाहेबांच्या आवाजाची ती बारीक, टोकदार कड रेडिओवर नव्हतीच. जुना आउटपुट ट्रान्सफॉर्मर आणि कागदी शंकूचा स्पीकर वरची कंपनं खाऊन टाकतात. खरखर त्यातच गेली, आणि गळ्याचं तेजही. म्हणजे निम्मी ऊब ही वजाबाकी आहे.

उरलेली निम्मी मात्र बेरीज आहे. एकाच आउटपुट व्हॉल्व्हवर चालणारा ॲम्प्लिफायर मूळ स्वरात दुप्पट कंपनसंख्येचा स्वर हलकेच मिसळतो; सा लागला तर वरचा सा. इथून जवळच मिरजेत तंबोऱ्याचे कारागीर घोडीवर तारेखाली दोरा सरकवून जवारी जमवतात, तेव्हा तेही तारेतले वरचे स्वर उजळवत असतात. रेडिओ खाँसाहेबांच्या गळ्याला स्वतःची जवारी लावतो. कारागीर ती कानानं जुळवतो. रेडिओ कुणाला विचारत नाही. एकटा लांब स्वर असला की ती शोभते. तबला, पेटी आणि गळा एकदम आले की सगळं एकमेकांत कालवलं जातं. भरगच्च वाद्यवृंदाची सिनेमातली गाणी मी या रेडिओवर लावत नाही.

‘पूर्वी गाणं असंच, अस्सल ऐकू यायचं’ हा दावा तर मला पटतच नाही. खाँसाहेबांची 1905 ची ध्वनिमुद्रणं भोंग्यासमोर गाऊन झाली. ना माईक, ना व्हॉल्व्ह. विजेवरचं ध्वनिमुद्रण 1925 पासूनचं. त्यांच्या 1930 च्या दशकातल्या तबकड्यांवरून व्हॉल्व्हचा हात एकदा फिरून गेलेलाच आहे; घरी आपण दुसरा फिरवतो.

तरी रेडिओ अडगळीत टाकलेला नाही. संध्याकाळी तोच लागतो, कारण तो सगळ्या घराला ऐकू येतो. गाण्यावर लिहायचं असलं की मी हेडफोन घालून कोपऱ्यात बसतो. आजी म्हणते, “त्यात काय ऐकतोस रं? भाईर तर काईच येत न्हाई.”