नकार आणि भाकर : पीटर डिंक्लेज या नटाविषयी

'नकार' हा शब्द आपल्या समीक्षेत आपण इतका वापरला, की त्या नकाराची किंमत कोण मोजतो हे विचारायचे राहूनच गेले. पीटर डिंक्लेज या ठेंगण्या अमेरिकन नटाची कारकीर्द पाहताना हा प्रश्न मला पुन्हा टोचला.

डिंक्लेजचा जन्म १९६९ चा, न्यू जर्सीतला. हाडांच्या वाढीतील जन्मजात फरकामुळे त्याची उंची साडेचार फुटांच्या आतच राहिली. १९९१ साली बेनिंग्टन कॉलेजातून नाट्यशिक्षण घेऊन तो बाहेर पडला. ठेंगण्या नटाला कामे नव्हती असे नाही. नाताळच्या खेळातले टोपीवाले बुटके होते, परीकथेतले दाढीवाले होते. तसली कामे त्याने नाकारली आणि सहा वर्षे एका कचेरीत माहिती भरण्याची कारकुनी केली. १९९५ च्या 'लिव्हिंग इन ऑब्लिव्हियन'मध्ये त्याने असाच एक नट रंगवला. स्वप्न दाखवायचे तर बुटकाच का लागतो, असे विचारून हा नट चित्रीकरण सोडून निघून जातो.

मी घराण्यातला पहिला पदवीधर. कॉलेजच्या स्नेहसंमेलनात मला गड्याचे काम मिळाले. 'तुझ्या तोंडी ही भाषा शोभते,' असे नाटक बसवणारे म्हणाले. पुढच्या वर्षी पुन्हा तेच काम आले तेव्हा मी नाही म्हटले. पण माझी भाकर शिष्यवृत्तीवर होती, त्या नाटकावर नव्हती. माझा नकार स्वस्त होता.

ठेंगणेपण आणि जात एक नव्हेत. ठेंगणेपण शरीरात असते, जात कुणाच्याच शरीरात नसते. पण जन्म पाहून भूमिका वाटायची रीत दोन्हीकडे सारखीच आहे.

२००३ च्या 'द स्टेशन एजंट'मध्ये डिंक्लेज आगगाड्यांचे वेड असलेला एक एकटा माणूस झाला आहे. लोक त्याच्याकडे टक लावून पाहतात. एका रात्री तो दारूच्या गुत्त्यात, पाहा, नीट पाहून घ्या, असे ओरडतो. इथे पाहणारेच उघडे पडतात. 'गेम ऑफ थ्रोन्स'मधला (२०११ ते २०१९) त्याचा टिरियन बापाच्या तिरस्कारात वाढलेला, बुद्धिमान, विलासी आणि अपराधी आहे. या भूमिकेने त्याला चार एमी पुरस्कार मिळवून दिले. २००८ च्या 'प्रिन्स कॅस्पियन'मध्ये मात्र त्यानेही दाढी लावून परीकथेतला बुटका केला. मला यात विसंगती वाटत नाही. नकार म्हणजे सोवळे नव्हे.

खरा पेच पुढे आहे. जानेवारी २०२२ मध्ये एका मुलाखतीत त्याने डिस्नेच्या नव्या 'स्नो व्हाइट'वर टीका केली. नायिका लॅटिन वंशाची घेतल्याचा अभिमान बाळगता आणि गुहेतल्या सात बुटक्यांची जुनी गोष्ट तशीच सांगता, असा त्याचा रोख होता. आपण जुने साचे टाळू, असे कंपनीने सांगितले. मार्च २०२५ मध्ये चित्रपट आला तेव्हा सातही बुटके संगणकाने बनवलेले होते. मार्टिन क्लेबा या ठेंगण्या नटाला त्यांतल्या एकाचा आवाज देण्याचे काम मिळाले. पडद्यावरचा देह मात्र यंत्राचा. आमची रोजी गेली, असे काही ठेंगण्या नटांनी उघड म्हटले होते. त्यांचे म्हणणे मला डावलता येत नाही. पण दोष नकाराचा नाही. साचा मोडा म्हटल्यावर मालकाने साचा ठेवला आणि माणसे काढली.

आपल्याकडे माणसे काढण्याची वाट आधीपासूनच आहे. १९८९ च्या 'अपूर्व सहोदररगळ'मध्ये ('अप्पू राजा') गुडघे मुडपून कमल हासन ठेंगणा झाला. सर्कशीतले ठेंगणे कलावंत त्याच्या भोवतीने उभे राहिले. २०१८ च्या 'झीरो'त तंत्राने शाहरुख खानला लहान केले. कमल हासनची मेहनत खरीच होती, पण त्या मेहनतीला टाळ्या देताना भोवतीच्या माणसांची नावे आपण विचारली नाहीत. याउलट २००५ मध्ये मल्याळम 'अद्भुत द्वीप'मध्ये विनयनने अजयकुमार या ठेंगण्या नटाला नायक केले, म्हणजे हे अशक्य नव्हते.

तेव्हा मागणी स्पष्ट केली पाहिजे. बुटक्यांच्या भूमिका बंद करा, एवढीच मागणी अपुरी आहे. ठेंगण्या नटाला मास्तर, वकील, प्रियकर, खुनी, सगळे होऊ द्या आणि त्याचे दाम द्या. 'हिमगौरी आणि सात बुटके' ही गोष्ट आपणही पोरांना सांगतो. त्यांतल्या एकाही बुटक्याचे नाव मला आठवत नाही.