कोरा रकाना आणि क्लाउड

आजचा विषय तत्त्वज्ञानाच्या व्याख्यानात कसा काय आला, असं काहींना वाटेल. पण १९७० साली एडगर कॉड या आयबीएममधल्या गणितज्ञानं रिलेशनल डेटाबेसची कल्पना मांडली, तिचा पाया तर्कशास्त्राचाच आहे. तक्त्यातली प्रत्येक ओळ हे एक विधान असतं : अमुक गटातलं अमुक क्षेत्र अमुक खातेदाराचं आहे. ओळ आहे, म्हणजे विधान खरं आहे असा दावा आहे.

आता असा मोठा डेटाबेस क्लाउडवर हलवायचा म्हटलं, की कंत्राटदार सांगतो : जेवढ्या ओळी तिकडे होत्या तेवढ्याच इकडे आल्या, बेरजा जुळल्या, काम फत्ते. आमचा आक्षेप या 'काम फत्ते'वर आहे. ओळी मोजून विधानं मोजली जातात, त्यांचा अर्थ आला की नाही हे कळत नाही. आणि अर्थ सगळ्यात आधी हरवतो तो कोऱ्या रकान्यात.

सातबाराच घ्या. त्यात 'इतर हक्क' हा रकाना असतो, बँकेचा बोजा तिथं चढतो. तो कोरा दिसला तर काय समजायचं? कणादांच्या सहा पदार्थांत पुढच्या वैशेषिकांनी अभाव हा सातवा घातला आणि त्याचे प्रकार पाडले. बोजा अजून बसलाच नाही, हा प्रागभाव. बसला होता, फेडून उतरला, हा प्रध्वंसाभाव. तिसरी शक्यता अशी, की बोजा आहे, पण कागदावरून यंत्रात घ्यायचा राहिला. हा बोज्याचा अभावच नव्हे. हा आपल्या ज्ञानाचा अभाव. रकाना नुसता कोरा असेल तर तिन्ही सारखेच! जुन्या तलाठ्याच्या हातच्या सातबाऱ्यावर मात्र उतरलेला बोजा कंसात जायचा, पुसला जायचा नाही. कागदाला दुसरा प्रकार ठाऊक होता, बघा.

कॉडलाही ही अडचण दिसली होती. १९९० च्या पुस्तकात त्यानं 'लागू आहे पण माहीत नाही' आणि 'लागूच नाही' अशा दोन खुणा सुचवल्या. बाजारात चालला तो एकच नल. त्यातही एकमत नाही. ऑरॅकलमध्ये कोरी अक्षरमाला आणि नल एकच धरतात. पोस्टग्रेसमध्ये दोन्ही वेगळे. म्हणजे 'हा रकाना भरलाच पाहिजे' अशी अट असली, तर ऑरॅकल कोरी अक्षरमाला परत पाठवतो आणि पोस्टग्रेस तीच निमूट ठेवून घेतो. स्थलांतराच्या दिवशी सगळं ठाकठीक दिसतं. सहा महिन्यांनी कोणी 'बोजा नसलेल्या जमिनी'ची यादी मागतो, तेव्हा निम्म्या कोऱ्या ओळी यादीत येतात, निम्म्या येत नाहीत.

सेवा 'व्यवस्थापित' असली की डेटाच्या प्रती ठेवणं, आवृत्ती बदलणं, डिस्क वाढवणं ही कामं कंपनी करते, आणि चांगली करते, त्याबद्दल आमची तक्रार नाही. पण कोऱ्याचा अर्थ काय, हे मुंबईतल्या यंत्राला कोण सांगणार?

मराठवाड्याला हे नवीन नाही. आपल्या जमिनीच्या नोंदी निजामाच्या काळात उर्दूत होत्या. १९५६ ला आपण हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात आलो, १९८२ ला लातूर उस्मानाबादपासून वेगळं झालं, म्हणजे दप्तरं पुन्हा हलली. आजही नांदेडला कोणी कूळहक्काचा वाद काढला की १९५४ चं खासरा पाहणीपत्रक शोधावं लागतं. प्रत्येक हलवणीत ओळी आल्या असतील. मधलं कोरेपण कशाचं, ते सांगणारा माणूस मागं राहिला.

म्हणून २०१७ चं चावडी वाचन आम्हाला तपासणीची खरी रीत वाटते : संगणकावरचा सातबारा गावासमोर वाचायचा, ज्याचं शेत त्यानं चूक दाखवायची. फक्त त्यात लिहिलेलं वाचतात. क्लाउडवर नेण्याआधी कोऱ्यांचीही यादी काढा, तीही चावडीवर वाचा, आणि प्रत्येक खातेदाराला विचारा : इथं काहीच नव्हतं, होतं ते उतरलं, की आहे पण राहिलं? मग त्या तीन उत्तरांसाठी तीन वेगळ्या खुणा ठेवा आणि त्यानंतरच कंत्राटदाराला बोलवा.