चाळ पडतेय, रडतंय कोण?


मुंबईतल्या बीडीडी चाळी पाडायला घेतल्यापासून मराठी वर्तमानपत्रांत एक वाङ्मयप्रकार जोरात आहे. त्याला मी 'चाळविलाप' म्हणतो. सामायिक नळ, दिवाळीचा फराळ, वाटीभर साखर, दिवसभर सताड उघडी दारं. आता टॉवर येणार, दारं बंद होणार, माणुसकी आटणार. धुळ्या-जळगावात बसून हे लिखाण मी इमानदारीनं वाचलं. प्रस्थापितांनी रडावं, तो त्यांचा धंदा आहे. पण आपल्या पोरांच्या कवितेतही तीच वाटीभर साखर दिसायला लागली, म्हणून हे लिहितो.

ह्या रडण्याचं मूळ पुस्तकात आहे. पु. ल. देशपांड्यांची 'बटाट्याची चाळ' १९५८ सालची. मीही हसलोय ती वाचून, खोटं कशाला बोलू. पण त्या चाळीत आपलं एक बिऱ्हाड दाखवा. नाही. पांढरपेशांची चाळ, पांढरपेशांचा विनोद, आणि शेवटी पांढरपेशांचा हुंदका. लेखकानं पाहिलं ते लिहिलं, त्याबद्दल त्याच्याशी भांडण नाही. भांडण आहे ते तीच एक चाळ साऱ्या मुंबईची चाळ म्हणून खपवणाऱ्या समीक्षेशी. दया पवारांचं 'बलुतं' १९७८ साली आलं. त्यातला कावाखाना वाचल्यावर मुंबईतल्या दाटीवाटीचा वास नाकात बसतो. बाबुराव बागुलांची माणसं माटुंगा लेबर कँपच्या मातीतून आली. तिथं वाटीभर साखरेची गोष्ट सांगायला कुणाला सवड नव्हती.

आता प्रत्यक्ष चाळ पाहू. १९२० साली गव्हर्नर जॉर्ज लॉईडच्या अमदानीत बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट निघालं. बीडीडी म्हणतात ते हेच. कामगारांसाठी ५० हजार खोल्या बांधायच्या ठरल्या. झाल्या सोळा हजारांच्या आसपास. तळमजला आणि वर तीन मजले, मधोमध अंधारा बोळ, दोन्ही अंगांना १६० चौरस फुटांच्या खोल्या, मजल्याला सामायिक संडास. सगळं काँक्रीट. कामगारांना ते तुरुंगासारखं वाटलं, भाडंही झेपेना. कित्येक खोल्या वर्षानुवर्षं रिकाम्या पडून होत्या. पुढं १९३० च्या कायदेभंगात सरकारनं वरळीच्या चाळींत खरोखरच सत्याग्रही कोंडले. म्हणजे ज्याला आज 'संस्कृती' म्हणून कुरवाळतात ते बांधकाम तुरुंग म्हणून चालवायला फारशी तोडफोड लागली नाही!

पैसा कुठला? इथं खान्देशवाल्यानं कान टवकारावेत. मुंबईत येणाऱ्या कापसाच्या दर गाठीमागे एक रुपया जकात बसवली, तिच्यातला वाटा ह्या चाळींना. आता तो कापूस पिकत होता कुठं? आपल्याकडंही पिकत होता. जळगाव, धुळे, अमळनेरचा कापूस रेल्वेनं मुंबईला जायचा. वेचणीला कोण होतं ते मी सांगायला नको. आमच्या गल्लीतले एक म्हातारे बाबा हे ऐकून म्हणाले, "आमना कापूस, त्यासनी चाळ." पण पुढं तिथंच आपली माणसं राहायला गेली. गावकीचं काम टाकून मुंबई गाठलेला माणूस आधी नात्यातल्या कुणाच्या तरी खोलीत पथारी टाकायचा. वस्ती गाववार झाली, जातवार झाली. आपले लोक ठराविक चाळींत एकवटले. चाळीचा नंबर सांगितला की जात कळायची.

आणि उघड्या दारांची गोष्ट सांगता ना? ५ जानेवारी १९७४ ला वरळीत पँथरच्या सभेवर दगड आले आणि ती सगळी दारं एका रात्रीत बंद झाली. नंबराप्रमाणं बंद झाली. ह्या चाळीतून त्या चाळीवर दगड, सोडावॉटरच्या बाटल्या. पाच दिवसांनी, १० जानेवारीला, निषेधाचा मोर्चा चालला होता. वरून पाटा-वरवंटा टाकला आणि भागवत जाधव ठार झाला. पाटा-वरवंटा! ज्यावर चटणी वाटतात तो. शेजारधर्माच्या सगळ्या कवितांनी आधी ह्या दगडाला ओलांडून दाखवावं. न्यायमूर्ती भस्मे आयोग बसला, अहवाल झाला. चाळविलाप लिहिणाऱ्यांपैकी कुणी तो वाचलाय, असं त्यांच्या लिखाणातून तरी दिसत नाही.

तेव्हा मी स्पष्ट सांगतो: चाळ पडली म्हणून मला दुःख नाही. वरळीच्या १२१, नायगावच्या ४२, ना. म. जोशी मार्गाच्या ३२ चाळींच्या जागी म्हाडा मनोरे बांधतेय. १६० फुटांच्या भाडेकरूला ५०० फुटांचं मालकीचं घर, फुकट. १४ ऑगस्ट २०२५ ला वरळीतल्या पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या दिल्या. घरातल्या घरात संडास म्हणजे काय, हे रात्री लेकीला सोबत घेऊन बोळाच्या टोकाला गेलेल्या बाईला विचारा. संस्कृतीवाल्यांना विचारू नका.

आणि एक गोष्ट तर मला फारच मोलाची वाटते. घरं सोडतीनं वाटली. कुणाच्या शेजारी कोण, हे चिठ्ठीनं ठरलं. गावकुसानं जे कधी होऊ दिलं नाही, चाळीच्या नंबरानं होऊ दिलं नाही, ते चिठ्ठीनं केलं. पण म्हणून जात मेली असं समजून कुणी झोपू नये. सोसायटीची कमिटी होईल. चिटणीस कोण? पोडियमवर गणपतीला परवानगी सहज मिळेल, १४ एप्रिलला मिळेल? पंचशीलाचा ध्वज कुठं लागणार, वाचनालयाची खोली कुणाच्या ताब्यात? जुन्या बोळात एक आरोळी मारली की दहा मिनिटांत दोनशे पोरं खाली. आपली चळवळ त्या बोळानं उभी केलीय. चाळीचं खरं देणं होतं ते हेच, आणि विलापात नेमकं तेच नाही. लिफ्टमध्ये आरोळी मारून भागत नाही. तिथं उपविधी वाचावे लागतात, सर्वसाधारण सभेला बसावं लागतं, मतं मोजावी लागतात. सरकारनं दिलेला देखभालीचा पैसा संपला की लिफ्टचं बिल कोण भरणार, हेही तिथंच ठरणार. कंटाळवाणं काम आहे. कविता होणार नाही त्याची.

नावांचंही बघा. २०१९ ते २०२२ च्या महाविकास आघाडी सरकारनं ह्या तीन वसाहतींना नावं ठरवली: बाळासाहेब ठाकरे, शरद पवार, राजीव गांधी. भागवत जाधवचं नाव कुणाला आठवलं नाही. एखादी चाळ संग्रहालय म्हणून राखायची असंही बोललं गेलं. राखा. पण त्यात पितळी स्टोव्ह आणि ट्रंक मांडाल आणि पाटा-वरवंटा फक्त 'स्वयंपाकाचे साहित्य' म्हणून ठेवाल, तर ते संग्रहालयही चाळविलापच.

जागा कशी जपतात हे आपल्या लोकांना शिकवायला नको. धुळ्याजवळ लळिंगच्या कुरणात लांडोर बंगला आहे. ३१ जुलै १९३७ ला बाबासाहेब तिथं राहिले. एवढ्याशा निमित्तानं दरवर्षी ३१ जुलैला, भर पावसाळ्यात, हजारो माणसं ती चढण चढतात. कुणा वास्तुतज्ज्ञानं सांगितलं म्हणून नाही.

राहता राहिला 'पात्र' हा शब्द. पुनर्विकासाच्या कागदावर दोनच जाती असतात, पात्र आणि अपात्र. ज्याच्या नावावर पावती तो पात्र. त्याच्याकडं वीस वर्षं बोळात झोपलेला भाचा, पोटभाड्यानं राहिलेली विधवा, जिन्याखाली चप्पल शिवणारा, ह्यांचं काय? आपण जळगावकरांनी तरी कागदावर आंधळा विश्वास ठेवू नये. नगरपालिकेनं गरिबांसाठी ११ हजारांवर घरकुलं ठरवली, पुरी झाली दीड हजाराच्या आसपास. खटला धुळ्यात चालला. ३१ ऑगस्ट २०१९ ला विशेष न्यायालयानं माजी मंत्र्यांसह ४८ जणांना दोषी ठरवलं, मग अपिलं झाली. आपल्या दोन्ही जिल्ह्यांच्या वाट्याला त्यातून एवढंच आलं: एकाला अर्धवट भिंती, दुसऱ्याला निकालपत्र.

सगळ्या चाळी अजून पडलेल्या नाहीत. तुमच्यापैकी अनेकांचा मामा, काका, मावशी तिथं असतील. सुट्टीत जाल तेव्हा पावती कुणाच्या नावावर होती आणि खोलीत प्रत्यक्ष माणसं किती राहिली, हे वहीत लिहून आणा. चाळीचा नंबर, मजला, १९७४ साली तिथं कोण होतं, सगळं. पुढच्या अंकाची पानं त्यासाठी मोकळी ठेवायला मी संपादकांना सांगितलंय.